पाच तास वीस मिनिटं

डिसेंबरातल्या एका रविवारी मी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एक्स्टेंशन बोर्डाचा इंडिकेटर आणायला गेलो होतो. बोर्ड नको होता. बटण दाबलं की त्यात जो बारका नारिंगी बल्ब पेटतो ना, तेवढाच हवा होता. दुकानदार लालवानी मला वीस वर्षं ओळखतात. ते म्हणाले, "साईं, पूरा बोर्ड ले जाओ ना. अकेला बल्ब लेके क्या करोगे?"

मी म्हटलं, "युरेनस को दिखाना है."

त्यांनी एकदा मागच्या झुलेलाल देवाच्या फोटोकडे पाहिलं आणि बल्ब कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. वेड्याच्या नादी लागू नये, हे व्यापाऱ्याला बरोबर कळतं.

मी महेंद्र. उल्हासनगरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, सत्तावीस वर्षं झाली. बायको रंजना सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एकुलती एक मुलगी यशोधरा, आमची यशू, त्याच कॉलेजात एम.एस्सी. करते. अंबरनाथमध्ये चिखलोलीला नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं घर आहे. आम्ही बौद्ध आहोत, आणि भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी शिकवतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला भोळसट समजणार नाही.

यशूनं प्रोजेक्टला विषय घेतला होता बाहेरच्या ग्रहांच्या वातावरणाचा. एवढ्या लांबच्या ग्रहाची हवा इथे बसून कशी तपासणार, असं रंजनानं विचारलं तेव्हा यशूनं तिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या समजावलं होतं. ग्रहावरून आलेला उजेड पसरवला की इंद्रधनुष्यासारखी पट्टी मिळते. तिथला प्रत्येक वायू त्यातला आपापला रंग खातो. खाल्ला तिथे काळी रेघ पडते. रेघा बघून वायू ओळखायचा. युरेनसवर मिथेन आहे, आपल्या गोबरगॅसमधलाच. तो तांबडा रंग खातो म्हणून तो ग्रह निळसर हिरवा दिसतो. रंजना म्हणाली, "म्हणजे कोणी काय खाल्लं ते उरलेल्या ताटावरून ओळखायचं." पोरीनं आईला तिथेच मिठी मारली.

कॉलेजची आठ इंची दुर्बीण कपाटात धूळ खात पडली होती. तिला मागून जोडायचं उपकरण मी घरी बनवलं. दाढीच्या दोन ब्लेडांमधली फट, एक उजेड पसरवणारी जाळीची काच आणि जुना कॅमेरा. पट्टीवर कुठला रंग नेमका कुठे पडतो हे कळायला मात्र खुणेचा दिवा लागतो. त्यासाठीच तो बल्ब. त्यात निऑन असतो आणि निऑनच्या रेघा कुठे पडतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. रात्रीच्या सुरुवातीला एकदा बल्ब दुर्बिणीच्या तोंडाशी धरायचा, पेटवायचा, फोटो काढायचा, वहीत वेळ लिहायची आणि विझवायचा. मग उरलेली रात्र ग्रहाचे फोटो काढत बसायचं.

फोटो तीन-तीनच्या जुडीत काढायचे. कधीकधी आकाशातून एखादा भटका कण येऊन कॅमेऱ्यावर आदळतो आणि नसलेली रेघ उमटते. तिन्ही फोटोंत दिसली तर रेघ खरी. एकातच दिसली तर तो फोटो बाजूला. हा नियम पोरीला मीच शिकवला. म्हणायचो, "यशू, एकदा आला तर पाहुणा, तीनदा आला तर बिऱ्हाड. पाहुण्याला धरून बसायचं नसतं." तिनं हसत हसत तसा प्रोग्रॅमच लिहिला. एकटी रेघ सापडली की तो फोटो कोणी न बघता 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये जायचा.

अंबरनाथच्या आकाशात चंद्र सोडला तर काही दिसत नाही, सगळं गुलाबी धुरकट. म्हणून आम्ही बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर जायचो. तिथे सखाचं खळं होतं. सखा भात लावतो, एरवी अंबरनाथला मोरिवलीच्या कारखान्यांत रोजंदारीला येतो. तिथूनच आमची ओळख. भात झोडून झालं की खळं रिकामं असायचं. सखा आम्हाला घरातून वायर ओढून द्यायचा आणि त्याची बायको ठमी यशूच्या हातात कोरा चहा द्यायची. नवीन वर्ष लागल्यावर यशू एकटीच संध्याकाळी स्कूटीनं जायला लागली, रात्री दीडच्या सुमाराला ग्रह डोंगराकडे कलला की सखाच्या घरीच झोपायची. चौदा रात्री अशा गेल्या. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटायचा की मी लॅबमधल्या शिपायालासुद्धा युरेनसबद्दल सांगून बेजार केलं होतं.

पंधराव्या दिवशी बल्बची वायर सैल झाली म्हणून तिनं तो सकाळी माझ्याकडे दिला. "पप्पा, नीट झाळून द्या. संध्याकाळी घेऊन या, मी पुढे जाऊन दुर्बीण लावते."

दुपारी चारला मी झाळकाम संपवलं. यशू रोज सकाळी फोटो उतरवायची तो लॅबचा कॉम्प्युटर भरल्याची सूचना दाखवत होता, म्हटलं कचरा तरी रिकामा करावा. पण उल्हासनगरात वाढलेला माणूस भंगार उघडून बघितल्याशिवाय टाकत नाही. मी एक फोटो उघडला. मग दुसरा. मग सगळेच उघडले.

चौदा रात्रींचे चौदाच फोटो होते. दर रात्रीचा एक. आणि प्रत्येकात त्याच नारिंगी रेघा, त्याच जागी. भटक्या कणानं उमटते ती रेघ कुठेही पडते, कशीही पडते. ह्या निऑनच्या रेघा होत्या. आमच्या बल्बच्या.

आधी मला रागच आला. वाटलं, पोरीकडून बल्ब चुकून पेटला असणार. तिनं बल्बबरोबर दिलेली वही मी काढली आणि वेळा ताडून बघितल्या. पहिल्या रात्री बल्ब पेटवला होता सात पन्नासला. रेघा आल्या एक वाजून दहा मिनिटांनी. मध्ये पाच तास वीस मिनिटं.

हा आकडा मी चांगला ओळखतो. युरेनसपासून आपल्यापर्यंत उजेडाला यायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. जायलाही तेवढीच.

खुर्ची सरकवून मी ट्यूबलाइट लावली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी लावली.

दुसऱ्या रात्री मधलं अंतर होतं पाच तास पाच मिनिटं. तिसऱ्या रात्री चार तास एकतीस. मग तीन पन्नास. दहाव्या रात्री पाऊण तास. आणि काल रात्री, चौदाव्या रात्री, बल्ब विझवल्यावर सहा मिनिटांनी.

एवढ्याशा बल्बचा उजेड तिथवर पोचणं शक्य नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण भुतावर विश्वास न ठेवणं वेगळं आणि घड्याळावर न ठेवणं वेगळं. आम्ही रोज दिवा दाखवत होतो. कोणीतरी रोज उलट दिवा दाखवत होतं. आणि ते जे कोणी होतं ते आता युरेनसवर नव्हतं.

मी यशूला फोन लावला. पाड्यावर रेंज नसते. मी बल्ब खिशात घातला, मोटरसायकल काढली आणि सुटलो. अंबरनाथच्या सिग्नलला, बदलापूरला तास-दीड तास अडकलेल्या गर्दीत, सगळीकडे मी एकच गोष्ट स्वतःला सांगत होतो, की बल्ब माझ्या खिशात आहे. तिच्याकडे नाही. आज दिवा दाखवला जाणार नाही.

पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. खाली वाटेवर सखा कंदील घेऊन उभा होता. विजेच्या दिव्याचा उजेड दुर्बिणीला चालत नाही म्हणून आम्ही असताना तो घरातले दिवे बंद ठेवायचा. त्यानं नाकाला पंचा लावला होता.

"मास्तर, ह्यो वास कसला वो? कंपनीचा वास इकडं कंदीच येत नाय."

मला तोवर लक्षात आलं नव्हतं. आयुष्य उल्हासनगर-अंबरनाथमध्ये काढलेल्या माणसाला अशा वासाचं काही वाटत नाही. सडक्या अंड्यासारखा, जड, जिभेवर चढणारा वास. पण वारा डोंगराकडून होता आणि तिकडे एकही कारखाना नाही. युरेनसच्या ढगांत मिथेनबरोबर आणखी एक वायू सापडलाय आणि त्याला नेमका हाच वास असतो, हे यशूनंच मला पंधरा दिवसांपूर्वी नाक मुरडून सांगितलं होतं.

मी खळ्यावर चढलो. पायाखालचा पेंढा मोडत होता. कुरकुरत नव्हता, मोडत होता, काच मोडावी तसा. वाकून हात लावला तर तो गोठलेला होता. बदलापूरला, जानेवारीत, फार तर पंधरा डिग्री थंडीत.

यशू लॅपटॉपसमोर शाल गुंडाळून बसली होती. "आलात? बल्ब द्या लवकर, उशीर झालाय."

"आज बल्ब नाही," मी म्हटलं. आणि वही तिच्यापुढे धरून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. घाबरली नाही. उलट तिचे डोळे चमकायला लागले आणि मला तिथेच कळलं की मी सांगायला नको होतं.

"पप्पा, कुठूनतरी लाइट लीक असेल. पण अंतर कमी होतंय हे... हे भारी आहे. बल्ब द्या ना, एकदाच बघू."

"नाही."

"पप्पा, प्लीज."

"यशू, नाही म्हटलं ना."

माझा आवाज बहुतेक चढला असावा. तिनं वही मिटली. म्हणाली, "ठीक आहे. बल्ब नको. नुसते तीन फोटो काढू आणि जाऊ." त्यात वाईट काय, असं मला वाटलं. आजही रात्री झोपेतून उठून मी स्वतःला विचारतो, की तेव्हाच तिला उचलून खाली का नाही नेलं.

पहिला फोटो आला. त्यात निऑनच्या रेघा होत्या.

बल्ब माझ्या मुठीत होता. मूठ खिशात होती.

दुसऱ्यात होत्या. तिसऱ्यातही होत्या. प्रोग्रॅमनं त्या दिवशी पहिल्यांदाच त्या फेकल्या नाहीत. तिन्ही फोटो एकत्र करून त्यानं पट्टीवर खरी म्हणून मांडल्या.

"बिऱ्हाड..." यशू हळूच म्हणाली. आणि उठून दुर्बिणीच्या तोंडाशी गेली. कुठून उजेड येतोय हे बघायला तिनं काचेसमोर हात धरला.

तिचा हात नारिंगी झाला. काचेकडे असलेला तळवा काळाच होता. उजेड पडला होता हाताच्या पाठीवर, आकाशाच्या बाजूनं. तिथे नुसता अंधार होता, काही नव्हतं. मी माझा हात तिच्या हाताला लागून धरला. माझ्या हातावर काही पडलं नाही.

"यशू, हात काढ," मी म्हटलं.

ती तशीच हाताकडे बघत राहिली. ओठांवर थोडं हसू होतं. मी मनात एक, दोन मोजले.

"अं? हो, काढते," ती म्हणाली.

मी दुर्बिणीवर झाकण घातलं, सामान तिथेच टाकलं आणि तिला मोटरसायकलवर बसवून निघालो. वाटेत विचारलं, "थंडी वाजतेय का गं?" पार बदलापूरच्या पेट्रोल पंपापाशी आल्यावर मागून उत्तर आलं, "नाही पप्पा." हेल्मेटमध्ये ऐकू आलं नसेल, असं मी धरून चाललो. वाईट शंका आली की माणूस आधी हेल्मेटसारखंच काहीतरी शोधतो.

आठवड्यानं रंजना म्हणाली, "अहो, पोरगी ऐकत नाही हल्ली. तीन हाका मारल्या की एकीला ओ देते." दोन आठवड्यांनी आम्ही तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानात आवाज आला की बटण दाबायचं, अशी तपासणी असते. पहिल्यांदा त्यांनी नापास केलं. मग कागद पुन्हा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पोरीनं प्रत्येक आवाजाला बटण दाबलं होतं, एकही चुकला नव्हता. फक्त प्रत्येक वेळी अकरा सेकंद उशिरा.

त्यांनी मेंदूचे फोटो काढायला सांगितले. सगळे चांगले आले.

फेब्रुवारीअखेर अकरा सेकंदांची चार मिनिटं झाली. होळीला अर्धा तास. तिला विचारलं तर ती वैतागायची. "तुम्हीच उशिरा बोलता! मी कधीची वाट बघतेय." भिंती आणि खुर्च्या जागच्या हलत नाहीत, म्हणून घरात तिला फारसं अडत नाही. ती जेवते, झोपते, पुस्तक वाचते. पण दुपारी केलेल्या विनोदावर संध्याकाळी एकटीच हसते. एकदा मी दुपारी तिचा हात धरून बराच वेळ बसलो होतो. हात गार होता. रात्री ती सोफ्यावर बसली असताना तिची बोटं हळूहळू मिटली, रिकाम्या हवेला धरून, आणि ती प्रेमानं बाजूला बघून म्हणाली, "काय झालं पप्पा?" मी तेव्हा स्वयंपाकघरात होतो. मला तिची फार आठवण येते. ती समोर बसलेली असते तरी येते.

रंजना खंबीर बाई आहे. तिनं रडून घेतलं आणि मग ड्यूटीचा तक्ता लावतात तसा घरात तक्ता लावला. दुपारी सव्वातीनला कोणीतरी "जेवायला चल" म्हणायचं, म्हणजे रात्री ती पानावर येते. कोण कधी काय बोललं ते वहीत लिहायचं, म्हणजे ती काय म्हणतेय ते कळतं. एप्रिलमध्ये अंतर पाच तास वीस मिनिटांवर गेलं आणि तिथे थांबलं. थांबलं म्हणून आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी रंजनानं शिरा केला. माणूस कशाशीही जुळवून घेतो.

आज संध्याकाळपर्यंत असंच चाललं होतं.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी, आमची जेवणं झाल्यावर, यशू एकदम मान वळवून म्हणाली, "ओ... निघालेच."

रंजनानं वही उघडली. तीन पन्नासला काहीही लिहिलेलं नव्हतं. तीन पन्नासला मी कॉलेजात होतो आणि रंजना रिक्षात. घरात यशू एकटी होती.

यशू उठली. तिनं कपाटातून स्वेटर काढला. एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर अंगात घातला, केस नीट केले आणि गॅलरीच्या दाराशी गेली. मी धावत जाऊन दार लावलं, कडी घातली, कुलूप ठोकलं. ओरडलो, "यशू, जाऊ नकोस!" आणि ओरडल्यावर घड्याळाकडे बघितलं. हे तिला अडीच वाजता ऐकू येणार होतं.

तेव्हापासून रंजना तिच्या कमरेला विळखा घालून बसलीय. मी दर मिनिटाला तेच वाक्य म्हणतोय, "जाऊ नकोस, बाळा, आम्ही इथे आहोत," म्हणजे अडीचनंतर तिला दुसरं काही ऐकूच येऊ नये. मध्ये मध्ये हे लिहितोय. दाराला कुलूप आहे, पण तिच्या लेखी ते दार अजून उघडंच आहे. ती पुढे होते, दाराला आपटते, तरी पुन्हा पुढे होते. जोर वाढत चाललाय.

आत्ता दोन वाजून पाच मिनिटं झाली. ती पुन्हा बोलली, जरा घाईनं, कोणी ताटकळत असलं की बोलतात तशी. "हो, आलेच म्हटलं ना..."

मी पाच तास वीस मिनिटं मागे मोजली. पावणेनऊ. पावणेनऊला आम्ही तिघं ह्याच टेबलाशी जेवत होतो. टीव्ही बंद होता, पंखा चालू होता. रंजनाला विचारलं, तिनंही काही ऐकलं नव्हतं. मी वहीत बघितलं. त्या वेळेला कोणी काही बोललं नव्हतं.